ती छपाईची चूक नाही

जॅनिस गॅलोवे या स्कॉटिश लेखिकेच्या ‘द ट्रिक इज टू कीप ब्रीदिंग’ (१९८९) या कादंबरीबद्दल मी लिहिलं होतं, ‘समासात शब्द अर्धवट कापलेत, काही पानांना क्रमांक नाहीत, प्रत सदोष आहे, घेऊ नका.’ ते अजून फिरतंय. चूक माझी होती.

दुसरी प्रत मिळवून पान-पान ताडून पाहिलं. त्याच जागी, तेच तुकडे! हे मुद्दाम केलेलं आहे. नायिका जॉय ही शिक्षिका. तिचा विवाहित प्रियकर मायकेल स्पेनमध्ये बुडून मरतो. शोकसभेत धर्मगुरू त्याच्या पत्नीचं सांत्वन करतात. जॉय तिथेच बसलेली, पण तिचं दुःख कुणाच्या खिजगणतीत नाही. मग तिचं खाणं सुटतं, पुढे मनोरुग्णालय. जे तिला उघड बोलता येत नाही, ते समासात ढकललं जातं आणि कागदाच्या कडेला तुटतं. डॉक्टरांशी झालेलं बोलणं तर चक्क नाटकाच्या संहितेसारखं छापलंय. (मी आधी तेही विचित्र म्हणून सोडून दिलं होतं.)

कुणी ती आत्मकथा असल्याचंही जोडलंय. ती कादंबरीच आहे.

जुना मजकूर मी काढलाय. तुमच्याकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासा द्या.