डीबोअर यांना इतक्यात नापास करू नका
तुमच्या लेखात अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक केलन डीबोअर यांना २०२४च्या एका हंगामावरून निकालात काढलंय, ते पटलं नाही. त्यांच्याआधीचे प्रशिक्षक खुद्द निक सेबन यांचा अलाबामातला पहिला हंगाम, २००७चा, ७-६ (७ विजय, ६ पराभव) असा होता, आणि त्यात लुइझियाना-मनरोकडून घरच्या मैदानावर हारही होती! त्यामानाने २०२४चे ९-४ बरेच म्हणायचे. अर्थात डीबोअरना तगडा संघ आयता मिळाला, सेबनना नाही, हेही खरंच.

माझी तक्रार वेगळी आहे. जॉर्जियाला ४१-३४ हरवलं, १७ वर्षांच्या रायन विल्यम्सने गिरकी घेत बचावपटूंना चकवून ७५ यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्टीत नेला (काय पोरगा आहे!), आणि पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टकडून ४०-३५ मार? ६० मिनिटांच्या सामन्यात ४२ मिनिटं चेंडू त्यांच्याकडे. थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, १८पैकी १२ वेळा आपली बचावफळी त्यांना अडवू शकली नाही. ओक्लाहोमात तर एकही टचडाउन नाही, वर आपला तेव्हाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) मिलरो याची तीन इंटरसेप्शन्स, म्हणजे त्याने फेकलेला चेंडू तीनदा प्रतिस्पर्ध्यांनीच झेलला. खेळाडूंची कुवत कमी नव्हती, तयारीच ढिली होती, आणि ते खापर प्रशिक्षकाच्याच डोक्यावर फुटणार. आधी वॉशिंग्टन विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणाऱ्या माणसाला आक्रमण शिकवायला नको. बचावाचं तेवढं बघा म्हणावं.