लोन फिटलं म्हणजे सुटलो असं नाहीये

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, की घराचं लोन फिटलं की घर कायमचं तुमचं, प्रॉपर्टी टॅक्स थोडाफार राहिला तर नुसतं व्याज लागतं, सिटीचे दंड कागदावरच असतात आणि अगदी लिलाव झालाच तर वरचे पैसे मिळतातच. चारही गोष्टी अर्धवट.

लोन चालू असतं तोवर बहुतेकांचा टॅक्स बँकच एस्क्रोमधून, म्हणजे हप्त्यासोबत घेऊन बाजूला ठेवलेल्या पैशातून, भरते. उपकार नाही हो, टॅक्सची थकबाकी वसुलीत बँकेच्याही पुढे असते म्हणून ती स्वतःचं बघते. लोन संपलं की एस्क्रो बंद आणि बिल थेट तुमच्याकडे, जे इतकी वर्षं तुम्ही कधी हातात धरलेलंच नसतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

थोडाफार म्हणजे किती? मिशिगनच्या ओकलंड काउंटीत एका मालकाने थकलेला टॅक्स भरला पण व्याजाचा हिशोब चुकला, ८ डॉलर ४१ सेंट राहिले. फी आणि दंड चढून ते २८५ डॉलर झाले, काउंटीने घर २४,५०० ला विकलं आणि सगळेच्या सगळे पैसे ठेवून घेतले! हे चूक होतं असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पण २०२० मध्ये, घर जाऊन सहा वर्षं झाल्यावर.

दंडाचं म्हणाल तर फ्लोरिडात डनिडन सिटीने वाढलेल्या गवतासाठी रोज ५०० डॉलर लावले, आकडा ३०,००० च्या आसपास गेला आणि सिटी फोरक्लोजरवर, म्हणजे वसुलीसाठी घरच जप्त करण्यावर, उतरली. सगळीकडे इतकं टोकाला जात नाही हे मान्य. पण लीन, म्हणजे थकबाकीचा घरावरचा बोजा, लागला की घर विकताना तो समोर येतोच.

शेवटचा मुद्दा २०२३ पासून बराचसा खरा आहे. मिनेसोटात एका ९४ वर्षांच्या आजींचा फ्लॅट १५,००० च्या थकबाकीसाठी ४०,००० ला विकून काउंटीने उरलेले २५,००० दाबले होते, ते घटनाबाह्य असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं. फक्त "मिळतातच" मध्ये गोम आहे, कारण बऱ्याच ठिकाणी मागावे लागतात. मिशिगनमध्ये फोरक्लोजर ३१ मार्चला पक्कं होतं आणि पैसे हवेत हा नोटरी केलेला फॉर्म १ जुलैच्या आत द्यावा लागतो, म्हणजे लिलाव व्हायच्याही आधी.