चढणीवरचा हाफ क्लच

मोटारीच्या परवान्याची ट्रायल जवळ आली की ज्यांना आपण जन्मात काही विचारलेले नसते, ती माणसेही आपणहून गियरविषयी बोलू लागतात. आमच्या फोंड्यात अशा जाणकारांना तोटा नाही. काकांनी उमेदीची सगळी वर्षे फियाट चालवली, तिच्या गियरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला होता, आणि तरीही रोज जेवताना डाव्या हाताने हवेत फर्स्ट, सेकंड टाकून ते मला गियर बदलणे शिकवीत असत. माझ्या गाडीचा दांडा दोन सीटांच्या मध्ये असल्यामुळे त्या हातवाऱ्यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. शेजारच्या वहिनींच्या मते दांडा घट्ट धरला नाही तर तो ऐकत नाही. सगळ्यांचा भर हातावर होता. पायाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

वास्तविक या कामात हाताला फारसे करण्यासारखे काही नसते. क्लच पूर्ण दाबला की इंजिन आणि गियरबॉक्स यांची फारकत होते, आतल्या सिंक्रोमेशच्या कड्या वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवून घेतात, आणि त्यासाठी त्यांना क्षणभराची सवड दिली की पुरते. न्यूट्रलमध्ये मोकळा सोडलेला दांडा आतल्या स्प्रिंगमुळे थर्ड आणि फोर्थच्या रेषेत आपला आपण येऊन उभा राहतो, म्हणून सेकंडमधून थर्डवर जाताना तळवा उघडा ठेवून त्याला नुसते पुढे लोटावे. मुठीत आवळून जो त्याला वाट दाखवायला जातो, त्याचा एक तर पुन्हा फर्स्ट पडतो, नाही तर थेट फिफ्थ. फर्स्ट पडला की गाडीतली सगळी मंडळी एकदम पुढच्या काचेला नमस्कार करतात. फिफ्थ पडला की गाडी कण्हू लागते.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर शांत प्रकृतीचे होते. ‘सवकास, गो बाय, सवकास,’ एवढ्या तीन-चार शब्दांत त्यांचे सारे शास्त्र आटोपत असे. मात्र शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असल्यामुळे, एखादा गियर लोण्यासारखा पडला तर त्याचे श्रेय नेमके कोणाच्या पायाला द्यायचे, हे मला कधीच कळले नाही. मास्तरही त्याबाबत मौन पाळीत.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही परीक्षा कशी घ्यावी ते सविस्तर लिहिले आहे. एकेक गियर टाकीत टॉपपर्यंत जावे, रहदारी पाहून झटकन खालच्या गियरवर यावे, हे वाचताना काही वाटत नाही. पण तीव्र चढणीवर गाडी थांबवून ती मागे न घसरता पुन्हा सुरू करावी, हे वाक्य ज्याने लिहिले त्याच्या मागे त्या वेळी नक्कीच बस उभी नसावी. माझ्या मागे होती. फर्मागुडीच्या चढणीवर, कॉलेज सुटण्याच्या वेळी, खचाखच भरलेली, आणि दारातून अर्धा बाहेर लोंबकळणारा तिचा कंडक्टर माझ्या मागच्या चाकांकडे वैद्याने नाडी पाहावी तसा एकाग्रतेने पाहत होता. अशा वेळी हँडब्रेक ओढलेला ठेवून, थोडी रेस देऊन, क्लच इतका हळू वर आणायचा असतो की इंजिनाचा आवाज जरा जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे दिसते. तोच हाफ क्लच. तिथे पाय थिजवायचा आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी वर गेली. कंडक्टरने बसवर थाप मारून मला पास करून टाकले, आणि त्याचे मत सरकारदरबारी ग्राह्य धरले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटले.

ट्रायलच्या दिवशी मास्तरांच्या सीटवर इन्स्पेक्टर बसले. त्यांच्या पायाशी तेच क्लच आणि ब्रेक होते, पण त्यांचे पाय मात्र घरच्या आरामखुर्चीत असावेत तसे निश्चल होते. मी फर्स्ट टाकला, सेकंड टाकला आणि तळवा उघडा ठेवून थर्ड असा काही अलगद सरकवला की गाडीलाही पत्ता लागला नाही. साहेबांनाही लागला नाही. ते कागदावर तारीख घालत होते. चढणीवर गाडी तसूभरही मागे न जाता सुटली, तेव्हा ते फोनवर कोणाला तरी बांगडे मिळाले का, असे विचारत होते. उतरल्यावर म्हणाले, ‘झाले.’

माझ्यामागून ट्रायल द्यायला आलेल्या बाईंची स्वतःची ऑटोमॅटिक गाडी होती. तिला क्लचच नव्हता. त्यांनी दांडा एकदा मागे ओढला, चढणीवर थांबल्या आणि एका पायाने वर निघून गेल्या. परवाना देताना आपल्याकडे दुचाकी गियरची की बिनगियरची याची चौकशी होते. मोटारीला ती लागू नाही. त्यांच्या परवान्यावर ‘हलके मोटार वाहन’ असे येणार होते आणि माझ्याही.

संध्याकाळी हे सगळे मी काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, भाताचा घास खाली ठेवला आणि डाव्या हाताने हवेत रिव्हर्स कसा टाकायचा ते दाखवायला घेतले.