जाळलेल्या वह्यांच्या जागी नव्या वह्या

इश्माएल बेआ या माजी बालसैनिकाचं ‘अ लाँग वे गॉन’ हे आत्मकथन वाचलेल्या कुणाशीही बोलायला बसलं की विषय निघतो तो एके-47 चा. तेरा वर्षांचं पोर, हातात बंदूक, नाकात कोकेन आणि बंदुकीच्या दारूचं मिश्रण. ‘वाचवत नाही हो’ म्हणतात, आणि बोलणं तिथेच थांबतं. मला मात्र वाटतं की या पुस्तकाचा जीव त्या पानांत नाहीच. तो आहे सिएरा लिओनच्या राजधानीतल्या, फ्रीटाऊनमधल्या बेनिन होम नावाच्या पुनर्वसन केंद्रात. पोरांच्या हातचा मार खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येणाऱ्या, ज्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही अशा माणसांत. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिएरा लिओन हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. मार्च 1991 मध्ये फोडे सांकोहच्या आर.यू.एफ. या बंडखोर संघटनेने लायबेरियाच्या हद्दीतून हल्ला केला. पाठीशी लायबेरियातला बंडखोर नेता, पुढे तिथला अध्यक्ष झालेला चार्ल्स टेलर होता, पुढे कोनो भागातल्या हिऱ्यांचा पैसाही आला. 2002 पर्यंत हे युद्ध चाललं. हातपाय तोडलेल्या माणसांचे फोटो तेव्हा जगभर छापून आले होते. बेआ दक्षिणेकडच्या एका खेड्यातला, जन्म 1980 चा. मोठा भाऊ आणि मित्रांबरोबर तो मात्रू जाँग नावाच्या गावी निघतो, तेही रॅप आणि नाचाच्या कार्यक्रमासाठी. मागे त्याच्या गावावर, मग मात्रू जाँगवरही हल्ला होतो आणि घर कायमचं सुटतं. पुढचे कित्येक महिने पोरं जंगलातून, गावागावांतून भटकतात. गावकरी त्यांना घाबरतात, कारण पोरांची टोळी दिसली की बंडखोर आले असंच लोक समजतात. एका गावात त्यांना पकडतात. बेआच्या खिशात रॅपची कॅसेट सापडते, ती लावून त्याला नाचायला लावतात, आणि मग कुठे लोकांची खात्री पटते की ही साधी पोरं आहेत. मी आठवीच्या वर्गावर शिकवतो. गाण्याची ओळ न ओळ पाठ असलेली, बाकावर बोटांनी ठेका धरणारी ही पोरं मला रोज दिसतात, त्यामुळे त्या कॅसेटबद्दल वाचताना घसा दाटून आला.

बेआला बंदूक बंडखोरांनी दिलेली नाही, सरकारी लष्कराने दिली, हे बरेच जण वाचून विसरतात. येले नावाच्या गावात लष्कराचा तळ असतो. तिथला लेफ्टनंट शिकलेला, शेक्सपिअर वाचणारा माणूस. लहानपणी बेआ गावातल्या मोठ्या माणसांना शेक्सपिअरची भाषणं म्हणून दाखवायचा, आणि हा अधिकारी त्याच्याशी ‘ज्युलियस सीझर’वर बोलतो. वेळ येताच तोच माणूस पोरांसमोर उभा राहून सांगतो की तुमच्या आईबापांना कुणी मारलं ते आठवा. जायचं असेल त्याने खुशाल जावं असंही सांगतो, पण गावाबाहेर गेलेल्यांचं काय होतं ते प्रेतांसकट दाखवून. बंदूक उचलता येत नाही इतकी लहान पोरं त्यात होती, एक तर सात वर्षांचा. अकरा वर्षांचा जोसाया पहिल्याच चकमकीत मेला. बळजबरी करायला धाक लागतो, इथे त्या अधिकाऱ्याने पोरांच्या दुःखाचाच वापर केला. मला या पुस्तकात सगळ्यांत जास्त चीड कुणाची आली असेल तर या सुसंस्कृत माणसाची.

प्रत्यक्ष मारण्याची पानं तशी थोडी आहेत. रात्री रॅम्बोचे सिनेमे बघायचे, मध्येच उठून हल्ल्याला जायचं, परत येऊन सिनेमा पुढे चालू. कैद्यांचे गळे कोण लवकर कापतो याची शर्यत लागते, आणि ती बेआ जिंकतो. त्याने हे जसं घडलं तसं, स्वतःची बाजू न मांडता लिहिलंय. त्यावर मी आणखी काही बोलणार नाही.

जानेवारी 1996 मध्ये युनिसेफची माणसं येतात आणि लेफ्टनंट काही पोरं त्यांच्या हवाली करतो. आपण वाचणारे सुटकेचा निःश्वास टाकतो, पण पोरांना ती फसवणूक वाटते. टोळी हेच त्यांचं कुटुंब झालेलं, आणि घरच्या मोठ्या माणसानेच हाकलून दिल्यासारखं झालेलं. फ्रीटाऊनला पोचल्यावर लष्कराकडची पोरं आणि बंडखोरांकडची पोरं एकाच आवारात ठेवतात, तिथे दंगल पेटते आणि सहा पोरं जिवानिशी जातात. चांगल्या हेतूने केलेल्या कामातही केवढा अडाणीपणा असू शकतो! मग बेआची रवानगी बेनिन होममध्ये होते.

तिथे काय चालायचं ते नीट वाचा. व्यसन अचानक तुटलेलं, त्यामुळे पोरं थरथरतात, भिंतींवर डोकी आपटतात, एकमेकांना बडवतात. कर्मचाऱ्यांच्या अंगावर ताटं, बाकडी भिरकावतात. पॉपे नावाच्या एका कर्मचाऱ्याला तर इतकं मारतात की त्याला काही दिवस कामावर येता येत नाही. मग तो परत येतो, लंगडत, हसऱ्या चेहऱ्याने, आणि म्हणतो की तुम्ही मला असं केलंत यात तुमचा दोष नाही. पोरं आणखी भडकतात. आपण सैनिक, हे साधे ‘सिव्हिलियन’, यांनी आपल्याला घाबरायला हवं, आणि हे आपली कीव करतात!

शाळेचं साहित्य वाटलं जातं. पोरं वह्या, पुस्तकं, पेन्सिली सगळ्याची होळी करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्मचारी नव्या वह्या देतात. पोरं त्याही जाळतात. पुन्हा नव्या येतात. कुणी भाषण देत नाही, शिक्षा करत नाही, ‘आता नाही मिळणार’ असं म्हणत नाही. शेवटी पोरं जाळायची थांबतात, पण सुधारली म्हणून नव्हे. त्या वह्या बाहेरच्या व्यापाऱ्यांना विकून शहरात फिरायला पैसे मिळतात हे त्यांच्या लक्षात येतं म्हणून. मग शहरात जायचं असेल तर वर्गात बसा, अशी अट येते, आणि पोरं वर्गात बसायला लागतात. सुधारणेची सुरुवात अशी लबाडीतून आणि सौद्यातून झाली, हे मला फार खरं वाटलं. पश्चात्तापाचा एक अश्रू आणि मग नवा माणूस, असं आपल्याकडच्या मालिकांत होतं. आमच्याकडे एखाद्याने वही फाडली तर पालकांना चिठ्ठी जाते आणि नवी वही घरून आणायला सांगतात. तिसऱ्यांदा नवी वही आणून ठेवायला काय लागत असेल याचा विचार करत मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो.

एस्थर ही तिथली नर्स. खिडकीची काच फोडून हात रक्तबंबाळ करून घेतलेला बेआ तिच्याकडे येतो. ती त्याला प्रश्न विचारत नाही, शहरातून वॉकमन आणि रन-डी.एम.सी. या रॅप गटाची कॅसेट आणून देते. तो गाणी ऐकत बसतो, ती तपासत राहते. हळूहळू अंगावरच्या गोळ्यांच्या खुणा कशा झाल्या हे तो सांगू लागतो, तेही सुरुवातीला तिला हादरवण्यासाठी. ती हादरते, आणि पुन्हा तेच म्हणते, यात तुझा दोष नाही. हे वाक्य त्या केंद्रातला प्रत्येक जण इतक्यांदा म्हणतो की बेआला त्याची चीड येते.

या वाक्यावरून आमच्या वाचकगटात कडाक्याचं भांडण झालं. ‘दोष नाही कसा? गळे कुणी कापले?’ असं एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नाही. मेलेल्या कैद्यांनाही आया होत्या. पण मला वाटतं एस्थर कोर्टात निकाल देत नव्हती, ती उपचार करत होती. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवताना ताप का आला याची चौकशी आपण नंतर करतो. जबाबदारीची जाणीव व्हायला आधी माणूस शुद्धीवर असावा लागतो. पुढे बेआने स्वतः काय केलं ते लिहून काढलं, जगासमोर मांडलं, त्याला आपण जबाबदारी घेणं म्हणणार नसू तर कशाला म्हणणार?

आता वादाबद्दल, कारण कुणीतरी तो काढणारच. 2008 मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने लिहिलं की मात्रू जाँगवरचा हल्ला पुस्तकात आहे तसा 1993 चा नसून 1995 चा आहे. म्हणजे बेआ तेराव्या नव्हे, पंधराव्या वर्षी सैनिक झाला, आणि तोही काही महिनेच. बेआ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. माझं मत विचाराल तर तारखा तपासायलाच हव्यात. आत्मकथन म्हणून छापलं की ते इतिहासाचं साधन होतं, आणि ‘भावना खरी आहे ना’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. पण पंधरा वर्षांचा मुलगा काही महिने लढला असं धरलं तरी बेनिन होममधली पानं तसूभर हलत नाहीत. पोरं तिथे आली, मारामाऱ्या झाल्या, त्यांना माणसांत आणावं लागलं, हे काम सिएरा लिओनमध्ये हजारो मुलांच्या बाबतीत झालं.

आणि त्या देशाने ते केलं, हे मला विशेष वाटतं. युद्धानंतर तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने विशेष न्यायालय बसलं. पंधरा वर्षांपुढच्यांवर खटला चालवायचा अधिकार त्याला होता. सरकारी वकील डेव्हिड क्रेन यांनी 2002 मध्येच जाहीर केलं की मुलांवर खटले चालवणार नाही. ज्यांनी मुलांना भरती केलं त्यांच्यावर चालवले. बेआचं पुस्तक आलं त्याच वर्षी, 2007 मध्ये, मुलांच्या भरतीच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात पहिल्यांदा शिक्षा झाली ती याच न्यायालयात. चार्ल्स टेलरला 2012 मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली, त्याच्यावरच्या आरोपांतही हा एक होता.

म्हणून सगळं गोड झालं असं मात्र नाही. बेआचा मित्र माम्बू केंद्रात राहून बरा झाला, पण घरच्यांनी त्याला घ्यायला नकार दिला. तो पुन्हा लढायला गेला. बेआचं नशीब की त्याला एक काका सापडला, ज्याला त्याने आधी कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्याने घरात जागा दिली. थेरेसा बेटनकोर्ट या संशोधिकेने 2002 पासून युद्धाची झळ बसलेल्या पाचशेहून जास्त मुलामुलींचा पाठपुरावा केला. त्यातून दिसतं तेही हेच: गावाने, घराने स्वीकारलं आणि शाळा चालू राहिली तर मूल सावरतं. मुलींचं तर आणखी अवघड. बंडखोरांनी पळवून ‘बायको’ म्हणून ठेवलेल्या मुली शस्त्रं जमा करायच्या कार्यक्रमात फार थोड्या आल्या. बऱ्याच गुपचूप घरी परतल्या, लेकरं कडेवर घेऊन. बेआच्या पुस्तकात त्या जवळजवळ नाहीत. ती उणीव मला खटकली.

आपला या युद्धाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. 2000 साली कैलाहूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले दोनशेहून अधिक भारतीय जवान आर.यू.एफ.च्या वेढ्यात अडीच महिने अडकले होते, आणि ‘ऑपरेशन खुकरी’ करून भारतीय सैन्याने त्यांना सोडवलं. त्या वेढ्याच्या पलीकडे बेआच्या वयाची आणि त्याहून लहान पोरंही होती. पण मला त्याहून जवळचा संबंध वाटतो तो आपल्या कायद्याचा. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 83 मध्ये मुलांना भरती करणाऱ्या सशस्त्र संघटनांना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. छत्तीसगडमधल्या माओवाद्यांच्या बालसंघम या मुलांच्या गटांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, आणि आपलं गडचिरोली तिथून लागूनच आहे. पण त्याच कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवायची वाटही उघडली. रागाच्या भरात आपण ती मागितली होती. तो राग मला कळतो, 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर मलाही तो आला होता. पण ज्या देशात पोरांनी गावंच्या गावं जाळली, त्या देशाने शांत डोक्याने उलटा निर्णय घेतला, हे पुस्तक मिटल्यावर मला विसरता येत नाही.

आपल्याकडे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा लांबलचक शब्द आहे आणि त्यांच्यासाठी निरीक्षणगृहं आहेत, ज्यांना लोक अजून रिमांड होमच म्हणतात. तिथले परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, काळजीवाहक यांच्याबद्दल आपण एखादी बातमी वाचतो ती पोरं पळून गेली की. एस्थर आणि पॉपे जे करत होते ते करणारी माणसं आपल्याकडेही असतील, नक्की असतील. त्यांना किती पगार मिळतो, एकेकाच्या वाट्याला किती मुलं येतात, मार खाल्ल्यावर त्यांच्या पाठीशी कोण उभं राहतं, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय. तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल, किंवा करणाऱ्या कुणाला ओळखत असाल, तर कृपा करून मला लिहा. आमच्या वाचकगटाच्या पुढच्या बैठकीत त्यांना बोलवायचं आम्ही ठरवलंय.