सही करण्याआधी खड्डा पाहावा

अभियंत्याची पहिली बांधिलकी पैसे देणाऱ्याशी की माणसांच्या जिवाशी, हा एका लेखातला प्रश्न वाचला आणि आमच्या परभणी जिल्ह्यातला एक टेस्ट रिपोर्ट आठवला. मी तेव्हा विजेच्या कामांचा नवा सुपरवायझर होतो. एका जिनिंग कारखान्याच्या अर्थिंगचा, म्हणजे गळणारा करंट जमिनीत उतरवणाऱ्या जोडाचा, कागद समोर आला. आकडे आधीच भरलेले, फक्त सही बाकी. मी अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर घेऊन जागेवर गेलो. मे महिना, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक. कागदावर रोध २ ओम, प्रत्यक्षात ४० च्या वर; रोध जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. सही केली नाही. काम हातचं गेलं, ठेकेदार वर्षभर बोलला नाही.

काळी माती ओली असताना अर्थिंग छान मिळतं. उन्हाळ्यात ती आक्रसते, पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते, रोध चढतो. म्हणून पावसाळ्यातल्या रीडिंगवर वर्षभराची सही करणं मला पटत नाही. आणि अर्थिंग बरं असलं तरी घरात आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारी कळ, हवीच. गळती ३० मिलिअँपिअरवर गेली की ती ट्रिप होते. साधा फ्यूज वितळायला कितीतरी अँपिअर लागतात, तोवर माणूस गेलेला असतो.

त्या लेखात लाइनमनच्या परमिटचा, म्हणजे लाइन बंद करून कामाला दिलेल्या लेखी परवानगीचा, उल्लेख हवा होता. पण नुसतं परमिटही पुरत नाही. कुणी चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे बाहेरची लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय, जनरेटर जोडला की बंद लाइनीत उलटा करंट येतो आणि खांबावर चढलेलं कुणाचं तरी लेकरू जातं. कामावर गेल्यावर असा जोड दिसला, तर मी आधी तो काढायला लावतो, मग बाकीचं बघतो.