‘प्लास्टिकनं बेडकांचं काही बिघडत नाही’ हा दावा टिकत नाही

गोड्या पाण्यातल्या बेडकांबद्दल एक दावा सध्या भरपूर फिरतोय. त्यात चार मुद्दे असतात. मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण आणि धागे, हा समुद्राचा प्रश्न आहे. प्लास्टिक निष्क्रिय असतं, म्हणून बेडकांनी गिळलं तरी विष्ठेवाटे निघून जातं. प्रयोगशाळेत दिसलेले परिणाम अवास्तव मात्रेचे आहेत. आणि बेडूक मरतात ते बुरशीच्या रोगानं, प्लास्टिकनं नव्हे. यातल्या प्रत्येक मुद्द्यात थोडं खरं आहे, म्हणून ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं. पण ‘काळजीचं कारण नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

‘समुद्राचा प्रश्न’ हा मुद्दा लवकर निकालात निघतो. सिंथेटिक कपड्यांचे धागे आणि टायरची झीज सांडपाण्यातून, रस्त्यावरच्या पाण्यातून आणि हवेतूनही पसरतात. २०१९ साली पिरनीज पर्वतात, शहरांपासून दूरच्या एका जागी, हवेतून खाली बसणारं प्लास्टिक मोजलं गेलं. दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ३६५ कण पडत होते. पोलंडच्या नैर्ऋत्य भागातल्या तळ्यांमधून गोळा केलेल्या २०१ भैकेरांपैकी, म्हणजे बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांपैकी, ५३ जणांच्या पोटात प्लास्टिक सापडलं, आणि त्यात बहुतेक धागेच होते. हे संशोधन २०२० सालचं आहे.

‘निष्क्रिय असतं, निघून जातं’ या मुद्द्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळा दावा त्याच्यावरच उभा आहे.

कण बाहेर पडतात हे खरं आहे. २०१६ साली चिनी संशोधकांनी आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या भैकेरांना पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे सूक्ष्म मणी असलेल्या पाण्यात ठेवलं. मणी कल्ल्यांत आणि आतड्यात गेले, आणि पिल्लांना स्वच्छ पाण्यात हलवल्यावर ते बाहेरही पडले. पण तळ्यातल्या पिल्लाला स्वच्छ पाण्यात कोण हलवणार? ते त्याच पाण्यात राहतं, त्याच तळाशी दगडांवरचं शेवाळ खरवडून खातं. प्लास्टिकवरही शेवाळाचा थर बसतो, आणि पुढचा घास पुन्हा प्लास्टिकसकट पोटात जातो.

शिवाय प्लास्टिक आतड्यातच राहतं असंही नाही. ब्राझीलमध्ये २०२० साली फिसॅलेमस क्युव्हिएरी या छोट्या बेडकाचे भैकेर सात दिवस पॉलिथिनच्या कणांत ठेवले, तेव्हा कण यकृतात, शेपटीच्या स्नायूंत आणि रक्तातही सापडले. तांबड्या रक्तपेशींची केंद्रकं बिघडलेली दिसली.

दुसरी गोष्ट प्लास्टिकमधल्या रसायनांची. भैकेराचा बेडूक होतो तो थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञानं भैकेरांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर त्यांचं वेळेआधीच रूपांतरण सुरू झालं. पॉलिकार्बोनेट प्लास्टिक ज्यापासून बनतं ते बिस्फेनॉल-ए हे रसायन याच संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतं, हे झेनोपसवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. शेपूट जाणं, पाय फुटणं, आतडं आखूड होऊन शाकाहारी पिल्लाचा कीटकभक्षी बेडूक होणं, हे सगळं ज्या संकेतावर चालतं, त्यातच ढवळाढवळ करणारा पदार्थ ज्या घराण्यात आहे, त्याला सरसकट ‘निष्क्रिय’ म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

तिसऱ्या, मात्रेच्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. ब्राझीलच्या प्रयोगात लिटरला ६० मिलिग्रॅम प्लास्टिक होतं. सुईण भेक या युरोपातल्या बेडकावरच्या २०२० सालच्या प्रयोगात सर्वांत जास्त मात्रा लिटरला १८ लाख कण एवढी होती, आणि पिल्लं दगावली ती या मात्रेला. नेहमीच्या तळ्यात एवढं प्लास्टिक नसतं. २०१८ साली इटलीतल्या संशोधकांना तर झेनोपस पिल्लांच्या वाढीवर किंवा पोहण्यावर काहीच परिणाम आढळला नाही. हा निष्कर्ष लपवायचं कारण नाही. पण तो कशाचा आहे तेही सांगायला हवं. झेनोपसच्या वाढीचे ६६ टप्पे मानतात. हा प्रयोग ३६ व्या टप्प्यापासून ४६ व्यापर्यंतच चालला. पिल्लू स्वतः खायला लागतं तेच मुळी ४५ व्या टप्प्याच्या आसपास. ज्या काळात ते सर्वाधिक खातं, वाढतं आणि शेवटी बेडूक होतं, तो सगळा काळ या प्रयोगाबाहेर राहिला.

प्रयोगशाळेत अन्न भरपूर असतं, तापमान ठरलेलं असतं, पाणी आटत नाही. बाहेर तसं नसतं. आंबोलीच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालणारा आंबोली टोड घ्या. २००९ साली नाव मिळालेली ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पावसानं उघडीप दिली की तिची डबकी सुकायला लागतात, त्याआधी पिल्लांना पाय फुटून बाहेर पडावं लागतं. अशा ठिकाणी पोटातल्या निरुपयोगी धाग्यांनी वाढ थोडी जरी लांबली, तरी पिल्लू डबक्यासोबत वाळून जाईल. वेळेत बाहेर पडलं तरी अंगानं लहान राहिलेला बेडूक पुढे टिकण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे किती पिल्लं मेली एवढंच मोजून प्लास्टिकला निर्दोष ठरवता येत नाही.

राहिला बुरशीचा मुद्दा. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीनं केलेली हानी भयंकर आहे. २०१९ सालच्या आढाव्यानुसार उभयचरांच्या निदान ५०१ जाती तिच्यामुळे घटल्या आणि ९० नामशेष झाल्या असाव्यात. अधिवास नष्ट होणं आणि हवामानबदल ही कारणंही प्लास्टिकपेक्षा मोठी आहेत. पण बुरशी मोठी म्हणून प्लास्टिक निरुपद्रवी, हा तर्क प्रयोगानंच खोडून काढला आहे. २०२१ साली स्पेनमधल्या संशोधकांनी बुरशीची लागण झालेल्या सॅलॅमँडरांच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचरांच्या, सहवासात सुईण भेकाचे भैकेर ठेवले, काही मायक्रोप्लास्टिकसह, काही त्याविना. ज्यांनी प्लास्टिक गिळलं त्यांच्या अंगावर बुरशीचा भार जास्त निघाला, आणि प्लास्टिकची मात्रा वाढली तसा तो वाढत गेला.