परत फिरायची वेळ आधी लिहा, मग रूट काढा

एडिनबरात राहायला येऊन मला सहा वर्षं झाली आणि त्यातली पाच वर्षं मी इथल्या डोंगरांत माउंटन बाइक घेऊन फिरतोय. परवा आमच्या मराठी ग्रुपवर एकाने विचारलं की ग्लेनट्रेसचं ट्रेल सेंटर झालं, लॅगनचंही झालं, आता खऱ्या डोंगरात जायचंय, कुणाकडे ग्लेन टिल्टची (ग्लेन म्हणजे दरी) जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनवर रूटची रेघ दाखवणारी फाइल, आहे का? लगेच तिघांनी तीन फाइली टाकल्या. वाटेत ओलांडाव्या लागणाऱ्या नदीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ते वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ट्रेल सेंटरवर सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, निळा, लाल, काळा असे रंग, प्रत्येक वळणावर बाण, खडी टाकून बांधलेला ट्रॅक, पाण्यासाठी नीट काढलेले चर. तिथे मजा येते, मीही जातो. पण ज्याला इथे नॅचरल राइडिंग म्हणतात ते वेगळं. त्या वाटा सायकलसाठी केलेल्याच नाहीत, गुरं हाकणाऱ्यांच्या, शिकारीच्या घोड्यांच्या, नाहीतर नुसत्या पायी ये-जा करणाऱ्यांच्या जुन्या वाटा. तिथे बाण नाही, रंग नाही, सगळं आपणच ठरवायचं, आणि मला तर ते घरी बसून ठरवणंच राइडइतकं आवडतं. रात्री जेवणं झाली की टेबलावर नकाशा पसरायचा आणि बोट फिरवत बसायचं.

मुळात इथे असं कुठेही जाता येतं हीच किती मोठी गोष्ट आहे हे आपल्या लोकांना सांगावंसं वाटतं. २००३ च्या लँड रिफॉर्म कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक सगळ्या जमिनीवर, खाजगी असली तरी, चालायला, सायकलला, घोड्याला जायचा हक्क दिलाय, अट एकच की जबाबदारीने वागा. तिकडे इंग्लंडमध्ये नुसत्या पायी चालायच्या वाटांवर सायकलला तसा हक्क नाही, ब्रिडलवे, म्हणजे घोड्याला आणि सायकलला चालणाऱ्या वाटा, शोधत बसावं लागतं. आणि हा हक्क काही आभाळातून पडलेला नाही. १८४७ साली याच ग्लेन टिल्टमध्ये एडिनबरा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बॅल्फर विद्यार्थ्यांना घेऊन झाडंपानं बघत येत होते, त्यांना तिथला जमीनमालक, अॅथॉलच्या ड्यूकने अडवलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ही वाट लोकांची ठरली. मी जेव्हा जेव्हा ग्लेन टिल्टच्या तोंडाशी असलेल्या ब्लेअर अॅथॉलला ट्रेनमधून सायकल उतरवतो तेव्हा हे आठवतं आणि मनापासून कृतज्ञ वाटतं. पण हक्क आपला म्हटल्यावर जबाबदारीही आपलीच, वाट बंद आहे की धोक्याची आहे हे सांगायला प्रत्येक ठिकाणी कुणी उभं राहणार नाही.

आता रूटबद्दल. ब्लेअर अॅथॉल स्टेशनवरून निघायचं, ग्लेन टिल्टने वर, मग गेल्डीचा ओढा ओलांडून पश्चिमेला वळायचं, दोन खोऱ्यांमधला उंचवटा पार करून ग्लेन फेशीत उतरायचं आणि किंग्युसी स्टेशनला ट्रेन पकडायची. दोन्ही स्टेशनं एकाच लाइनवर, त्यामुळे गाडीची भानगड नाही. एकूण पासष्ट किलोमीटरच्या आसपास. हा आकडा बघून लोक म्हणतात की पासष्ट तर रोडवर सकाळच्या चहाआधी होतात. तिथेच चूक होते. पायी चालण्यासाठी नेस्मिथ नावाच्या माणसाने १८९२ मध्ये एक नियम सांगितला होता, तीन मैलाला एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. सायकलला तो तसाच्या तसा लागू होत नाही म्हणून मी माझा हिशोब जमिनीवरून करतो. जीपच्या कच्च्या रस्त्यावर ताशी बारा ते पंधरा किलोमीटर, दगडांच्या सिंगलट्रॅकवर, म्हणजे एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेवर, सहा ते आठ आणि जिथे नकाशावर दलदलीच्या खुणा आहेत तिथे तीन ते चार, कारण तिथे सायकल ढकलावीच लागते. असा तुकड्या-तुकड्याने हिशोब केला की हाच रूट खाणंपिणं धरून दहा तासांचा निघतो.

नकाशा म्हणजे ओएसचा (ऑर्डनन्स सर्व्हेचा) पंचवीस हजारी, १:२५,००० प्रमाणाचाच घ्या, फोनवर आणि कागदावर दोन्ही. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, दहा मीटरचे असतात, ते कुठे चिकटलेत ते बघा, तिथे चढ उभा. आणि नावं वाचा! आपल्याकडे नाळ, सोंड, दांड, खिंड म्हटलं की ट्रेकरला समोर काय येणार ते कळतं, तसंच इथल्या गेलिक नावांचं आहे. आल्ट म्हणजे ओढा, बेआलख म्हणजे खिंड, कोरी म्हणजे डोंगराच्या कुशीतली खोल वाटी, आणि नावात मोइन दिसलं तर तिथे पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या ओल्या मातीची, दलदल आहे असं समजून अर्धा तास जास्त धरायचा. मला हे शिकायला दोन वर्षं गेली, पण त्यानंतर नकाशा बोलायला लागला.

आणि आता ती नदी. टिल्टच्या वरच्या टोकाला टार्फचं पाणी येऊन मिळतं तिथे एक झुलता पूल आहे, बेडफर्ड ब्रिज. १८७९ मध्ये फ्रान्सिस बेडफर्ड नावाचा अठरा वर्षांचा मुलगा तिथे बुडाला, त्याच्या आठवणीत १८८६ साली तो बांधला. टार्फवर पूल आहे, पण पुढे सात-आठ किलोमीटरवर गेल्डीला पूल नाही, पाण्यातूनच जावं लागतं. जीपीएक्सच्या रेघेला हे कळत नाही, ती सरळ पाण्यावरून जाते.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं निघालो होतो. आकाश स्वच्छ, वारा पाठीवर, टिल्टमध्ये इतकं सुंदर ऊन की दर दहा मिनिटांनी थांबत होतो. पण आदल्या रात्री वर केअरनगॉर्म्सच्या डोंगरांत जोरदार पाऊस झाला होता. गेल्डीपाशी पोचलो तर पाणी चहासारखं तपकिरी आणि आवाज असा की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. मित्र म्हणाला बघू तरी, मी सायकल धरून चार पावलं आत गेलो, पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि पुढचं चाक प्रवाहाने खेचायला लागलं. तिथून मागे आलो. पलीकडचा काठ समोर दिसत होता, हाकेच्या अंतरावर. अठ्ठावीस किलोमीटर परत. मित्र तासभर बोलला नाही. पण घरातून निघतानाच मी कागदावर लिहिलं होतं, "पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत. दुपारी एकपर्यंत गेल्डी आली नाही तरी परत." हे आधी लिहिलेलं होतं म्हणूनच त्या वेळी वाद घालावा लागला नाही. दमलेल्या माणसाने नदीच्या काठावर उभं राहून घेतलेला निर्णय बरोबर येईलच असं नाही, घरी जेवणाच्या टेबलावर घेतलेला बहुतेक वेळा येतो.

म्हणूनच दिशा निवडतानाही मी नदीचा विचार आधी करतो, वाऱ्याचा नंतर. इथे वारा बहुतेक नैऋत्येचा, त्यामुळे ब्लेअर अॅथॉलकडून गेलं तर गेल्डीनंतरच्या दलदलीत तो तोंडावर येतो आणि दम काढतो. शिवाय टिल्टचा वरचा सिंगलट्रॅक, डाव्या हाताला खाली नदी, तो उलट्या दिशेने उतरायला जास्त छान. हे सगळं मान्य. पण ब्लेअर अॅथॉलकडून गेलात आणि नदी बंद असली तर परतीची वाट उताराची आहे आणि शेवटी स्टेशन आहे. किंग्युसीकडून आलात तर तोपर्यंत पस्तीसच्या वर किलोमीटर झालेले असतात आणि नदी बंद असेल तर तेवढंच मागे, नाहीतर पुढे ब्रेमार गाव, जिथे रेल्वेच नाही.

या वेळी जायला महिना मी मेचा धरलाय. वसंतात इथे त्यातल्या त्यात कोरडं असतं, मे अखेरीला सतरा तास उजेड, मिजेसचा, म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्यांचा, त्रास खरा सुरू होतो जूनपासून, आणि हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा इस्टेटच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, लोकांकडे चौकशी करून जावं. मेमध्ये फक्त एक सांभाळायचं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, म्हणून वाट सोडायची नाही. ओल्या जमिनीवर मागचा ब्रेक दाबून घसरत जाऊ नका, डबकं टाळायला बाजूच्या गवतातून नवी वाट पाडू नका, उतरा आणि चालत जा. ग्लेन फेशीत रोपं खाणाऱ्या हरणांची संख्या कमी केल्यावर पाइनची पोरं आपोआप उगवून आलीत, कमरेएवढी, खांद्याएवढी. त्यांच्यामधून जाताना मला फार आनंद होतो.

सामानाचं थोडक्यात. टायर ट्यूबलेस, कारण वाटेत पाणी काढायला आडवे दगडी चर असतात आणि त्यांच्या कडेवर ट्यूब हमखास फुटते. तरी एक ट्यूब, चेनची कडी, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग सायकलला जोडणारी पट्टी) आणि ब्रेक पॅड. बिवी बॅग, म्हणजे अडकलो तर रात्र काढायची पाणी न शिरणारी पिशवी, जाड जॅकेट, टॉर्च. टिक, म्हणजे गोचीड, काढायचा चिमटा, घरी आल्यावर अंग तपासायचंच, तिच्या चाव्याने होणारा लाइम आजार थट्टेवारी नेण्यासारखा नाही. खायला मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, दिवसभर टिकतात. फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नाही, तरी ९९९ या आणीबाणीच्या नंबरला मेसेज करायची सोय आधी रजिस्टर करून ठेवा, फोन लागला तर आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ते बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात, एक पैसा घेत नाहीत, त्यांना उगाच रात्री बाहेर काढायचं नाही हेही प्लॅनिंगचंच काम. बायकोकडे रूट आणि वेळ लिहून ठेवतो, रात्री दहापर्यंत माझा फोन आला नाही तर तिने काय करायचं तेही.

ट्रेनमध्ये सायकलच्या जागा मोजक्या, त्या आधी बुक कराव्या लागतात आणि पाऊस काही बुकिंग बघून पडत नाही. त्यामुळे त्याच तिकिटावर दुसरा प्लॅन तयार ठेवलाय. शुक्रवारी रात्री डोंगराचा फोरकास्ट आणि सेपाच्या (स्कॉटलंडच्या पर्यावरण खात्याच्या) साइटवर नद्यांची पातळी बघणार, पाणी चढलेलं दिसलं तर बेडफर्ड ब्रिजपर्यंतच जायचं, डबा खायचा आणि टिल्टचा तो सिंगलट्रॅक उतरून संध्याकाळी ब्लेअर अॅथॉलला परत. मेचा तिसरा शनिवार. माझ्याबरोबर दोघांना जागा आहे, यायचं असेल तर आधी घरी या, नकाशा घेऊन बसू.